ड्राय बाल्कनीतलं मशीन

एकाच कंपनीचं, एकाच मॉडेलचं, एकाच दिवाळीत घेतलेलं वॉशिंग मशीन सदाशिव पेठेतल्या एका घरात दहा-बारा वर्षं बिनतक्रार चालतं, आणि वाघोलीच्या किंवा उंड्रीच्या नव्या सोसायटीत चौथ्या-पाचव्या वर्षीच त्याचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येतो. दुरुस्तीच्या धंद्यात नवा होतो तेव्हा मला याचा उलगडा होत नव्हता. मालात खोट म्हणावी तर माल तोच. दोन्ही घरची माणसं नीटनेटकी. पुढे अनेक वर्षं पुण्यात आणि आसपास मशीन उघडत हिंडलो, तेव्हा एक सवय लागली. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या: घरात पाणी कुठलं येतं, आणि मशीन लावतं कोण?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना माहीत असतं. पेठांमध्ये खडकवासल्याचं पाणी. सह्याद्रीतला पाऊस धरणात साठतो आणि तिथून नळाला येतो, म्हणून ते मऊ. शहराच्या कडेने वाढलेल्या वस्त्यांमध्ये बोअर आणि टँकर. जमिनीत खोल मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार उतरतात, ते पाणी जड. आयएस १०५०० या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या या क्षारांची मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम धरली आहे आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत. माणसाच्या पोटाला ६०० चालत असेल, मशीनला ते पाणी रोज सोसत नाही.

पाणी तापलं की त्यात विरघळलेला क्षार चुनखडीच्या रूपात बाहेर पडतो आणि सगळ्यात गरम जागी बसतो. ती जागा म्हणजे फ्रंट लोड मशीनचा हीटर. वाघोलीच्या एका घरी ‘कपडे स्वच्छ निघत नाहीत आणि मशीन तीन-तीन तास चालतं’ अशी तक्रार होती. हीटर बाहेर ओढला तर ओढेना. कॉइलभोवती पांढरा थर इतका चढला होता की ज्या फटीतून तो बसवला होता तिच्यातून तो निघायला तयार नव्हता. उष्णता थराच्या आतच अडकून राहते, पाणी वेळेवर तापत नाही, मशीन वाट पाहत बसतं आणि शेवटी कॉइल जळते. त्या घरच्या काकांनी नळाला एक छोटा फिल्टर लावला होता आणि त्यावर त्यांचा पूर्ण भरवसा होता. मी त्यांना तो उघडून दाखवला. आत गाळ अडकलेला होता, म्हणजे फिल्टर आपलं काम करत होता. पण जाळी गाळ अडवते. पाण्यात विरघळलेला क्षार तिच्यातून सरळ पुढे जातो. क्षार काढायचा तर सॉफ्टनर लागतो. बऱ्याच सोसायट्यांच्या तळमजल्यावर तो असतोही, पण त्यात वेळच्या वेळी मीठ भरलं नाही तर तो नुसता उभा असतो. सोसायटीच्या बैठकीत पार्किंगवर दोन तास वाद घालणाऱ्यांनी ‘सॉफ्टनरमध्ये मीठ कधी भरलं’ एवढं एकदा विचारावं, ही माझी मनापासून विनंती आहे. त्यावर त्या इमारतीतल्या प्रत्येक मशीनचं, गिझरचं आणि नळाचं आयुष्य ठरतं.

सॉफ्टनर नसेल तर महिना-दीड महिन्यातून एकदा थर उतरवायचा. त्यासाठी डिस्केलिंग पावडर मिळते. ती नसेल तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडे मिळणारं लिंबूसत्त्व, शंभरेक ग्रॅम रिकाम्या ड्रममध्ये टाकून ६० अंशांवर मशीन चालवलं तरी काम होतं. मात्र त्याच वेळी ‘वासही जाईल’ म्हणून कपडे पांढरे करायचं ब्लीच त्यात ओतायचं नाही. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि ड्राय बाल्कनी म्हणजे चार फुटांची बंदिस्त जागा. हे मी प्रत्येक घरी दोनदा सांगतो. पुढच्याला कंटाळा आला तरी सांगतो.

दुसऱ्या प्रश्नाचा मात्र मला वेगळाच अनुभव येत गेला. ‘मशीन लावतं कोण’ म्हटलं की घरचे एकमेकांकडे पाहतात. मशीन घेतलं साहेबांनी किंवा मॅडमनी, दुकानात उभं राहून, फीचर वाचून. डेमो देणारा मुलगा आला तेव्हा घरी होते तेच दोघं. आणि पुढच्या सोमवारपासून मशीन लावायला लागल्या कामाला येणाऱ्या मावशी, किंवा गावाहून आलेल्या सासूबाई. त्यांना कोणी काही सांगितलेलंच नसतं. फार तर ‘हे बटण दाबायचं, मग हे’. मॅन्युअल प्लॅस्टिकच्या पिशवीत, टीव्हीखालच्या कप्प्यात, तेही इंग्रजीत. मी दुरुस्त केलेल्या मशीनपैकी कितीतरी अशा घरांमधली होती, जिथे माहिती एकाकडे आणि मशीन दुसऱ्याच्या हातात.

कोथरूडला एका घरी दर दोन महिन्यांनी पंप बदलायची वेळ येत होती. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ठरवून मावशींच्या वेळेला गेलो आणि त्यांना म्हटलं, तुम्ही रोज लावता तसं लावा, मी नुसता बघतो. त्यांनी पावडरच्या डब्यात हात घातला आणि तीन मुठी ओतल्या. पावडर हाताने धुवायची, खूप फेसाची. मी विचारलं, एवढी कशाला? त्या म्हणाल्या, “दादा, फेस दिसला नाही तर कपडे धुतल्यासारखं वाटत नाही. आणि कपड्याला मळ राहिला तर बोलणी मला बसतात.” त्यांचं म्हणणं खरं होतं. आयुष्यभर दगडावर आणि बादलीत कपडे धुतलेल्या बाईसाठी फेस म्हणजे कामाचा पुरावा. मशीनमध्ये तोच फेस आड येतो. फ्रंट लोडमध्ये कपडे ड्रमबरोबर वर जातात आणि खाली आपटतात. त्या आपटण्याने मळ सुटतो. फेस दाटला की कपडे त्यावर तरंगत राहतात, आपटणं बंद. पंपाला पाणी ओढता येतं, फेस ओढता येत नाही, मग तो रिकामा फिरून तापतो. मशीन फेस ओळखून पुन्हा पुन्हा पाणी घेतं आणि वेळ वाढत जातो. मी मावशींना मशीनची, कमी फेसाची पावडर आणि तिचं झाकणाचं माप दाखवलं, आणि एकदा त्या मापाने धुतलेल्या शर्टाची कॉलर त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, वास घेतला आणि मान डोलावली. त्या घरी पंपासाठी मला पुन्हा जावं लागलं नाही.

जड पाण्याच्या भागात पावडर थोडी जास्त लागते, हेही तितकंच खरं. तिथे लोक सवयीने नव्हे, गरजेनेच हात सैल सोडतात. माझं सांगणं एवढंच, की मशीनचीच पावडर किंवा लिक्विड घ्या, पाकिटावर जड पाण्यासाठी दिलेल्या मापापुढे जाऊ नका, आणि कपडे कडक लागले म्हणून कपडे मऊ करायचं फॅब्रिक सॉफ्टनर दुप्पट ओतू नका. ते मेणचट असतं आणि ट्रेमध्ये, पाइपमध्ये, ड्रमच्या पाठीमागे चिकटून राहतं.

ड्रमच्या पाठीमागचा हा भाग घरच्या कोणाला कधीच दिसत नाही, आणि मशीन मरतं ते बहुतेक तिथेच. बाहेरच्या टबमध्ये स्टीलचा ड्रम फिरतो. त्याच्या पाठीला तीन पायांचा, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा एक तुकडा असतो, त्याला आम्ही स्पायडर म्हणतो. स्पायडरच्या मध्यातून निघालेला दांडा टबमधून बाहेर जातो, तिथे दोन बेअरिंग आणि त्यांच्यापुढे एक ऑइल सील. सील म्हणजे रबराची एक गोल कड, पाणी बेअरिंगपर्यंत जाऊ नये म्हणून. न विरघळलेली पावडर, कपड्यांतला तेलकटपणा, धाग्यांचा चुरा आणि क्षार यांचा चिकट लेप स्पायडरवर चढतो. पावडर अल्कलीयुक्त, आणि ॲल्युमिनियमला अल्कली खाते. काम झाल्यावर दार घट्ट लावून ठेवलं की आतला ओलावा सुकत नाही आणि हे खाणं रात्रंदिवस चालू राहतं. पिंपळे सौदागरला एका घरी पिळताना एकदम धाडकन आवाज होऊन मशीन थांबलं. टब उघडला तेव्हा स्पायडरचा एक पाय माझ्या हातात आला, आणि जिथून तुटला तिथे धातूऐवजी पांढरी भुकटी होती. घरात रांगतं मूल होतं, म्हणून ते दार कायम बंद ठेवत. त्यांची भीती अगदी योग्य होती. मूल ड्रममध्ये शिरून दार लागणं ही खरी धोक्याची गोष्ट आहे. अशा घरी मी सांगतो, बाल्कनीच्या दाराला वरची कडी लावा आणि मशीनचं दार चार बोटं उघडं ठेवा. पावडरचा ट्रेही थोडा बाहेर ओढून ठेवा. दाराच्या रबराची घडी जुन्या सुती फडक्याने पुसून घ्या. पावसाळ्यात तर हे रोजचंच, नाहीतर त्या घडीत काळी बुरशी येते आणि मग ती कशानेच पूर्ण जात नाही.

सील कडक होऊन झिरपायला लागलं की पाणी बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेतं. इथे कान उपयोगी पडतो. मला काम शिकवणारे उस्ताद मशीन पिळायला लागलं की बोलणं थांबवायचे आणि इतरांनाही थांबवायचे. बेअरिंग जायला लागलं की सुरुवातीला फक्त वेग चढताना बारीक घर्र येते, कपडे कमी असले तर तीही नाही. तेव्हाच मशीन बंद करून, दार उघडून, ड्रम हाताने हळू फिरवून पाहावा. आत खरखर लागते का. मग ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवावी. टबसकट हलला तर ठीक, कारण टब स्प्रिंगांवर टांगलेलाच असतो. नुसता ड्रम खटखट हलला तर बेअरिंग सैल झालंय. या टप्प्यावर सील आणि बेअरिंगची जोडी बदलली की काम भागतं. लोक मात्र आवाजाला सरावतात. टीव्हीचा आवाज वाढवतात, दार लोटून घेतात. सहा-आठ महिन्यांनी बोलावतात तेव्हा दांडा झिजलेला असतो, गंजाचं पाणी मोटारीपर्यंत ओघळलेलं असतं आणि खर्च कितीतरी पट झालेला असतो. पैसे मलाच मिळतात, तरी अशा वेळी मला वाईट वाटतं. वाचवता येण्यासारखं मशीन होतं ते.

भरण्याचं गणित पुष्कळांचं चुकतं, आणि ते दोन्ही बाजूंनी चुकतं. सात किलोचं मशीन म्हणजे कोरडे सात किलो, तेही सुती कपड्यांच्या मोठ्या प्रोग्रॅमवर. पंधरा मिनिटांचा क्विक वॉश एक-दोन किलोंसाठी असतो. त्यात भरगच्च ड्रम लावला तर पावडर कपड्यांतच राहते. कपड्यांवरून ड्रमच्या छतापर्यंत हाताचा पंजा उभा जाईल एवढी जागा राहू द्यावी. उलट एकच जीन्स किंवा एकच जाड टॉवेल टाकला तर सगळं वजन एका बाजूला येतं आणि मशीन पिळताना नाचतं. गादीचं वॉटरप्रूफ कव्हर, रेनकोट यांना पिळायला लावूच नये. त्यांच्या आत पाणी अडकून राहतं आणि जोराच्या वेगात एकदम एका बाजूला ओढ बसते. टॉप लोड मशीनचे टांगलेले रॉड अशाने निखळलेले मी पाहिलेत, झाकण फुटलेलंही पाहिलंय. गोधडी ही आपल्याकडची खास अडचण. भिजल्यावर तिचं वजन किती होतं ते ती बादलीतून एकदा उचलणाऱ्याला विचारावं. तिला मोकळं अंगणच बरं.

पंपाच्या फिल्टरमधून काय निघत नाही! चिल्लर, सेफ्टी पिना, ब्लाउजचे हूक, केसांचे आकडे, देवळातल्या प्रसादाची खडीसाखरेची कागदी पुडी, राखीचे मणी, शाळेच्या बिल्ल्याची पिन. एकदा मंगळसूत्राची एक वाटी निघाली. त्या ताई दोन महिने ती शोधत होत्या, आणि त्यांचा कोणावर संशय होता तेही त्यांनी मला सांगितलं. वाटी त्यांच्या हातावर ठेवली तेव्हा त्या आधी त्या कामवाल्या बाईंना फोन करायला आत गेल्या. फ्रंट लोडमध्ये हा फिल्टर खाली उजव्या किंवा डाव्या कोपऱ्यात, छोट्या झाकणामागे असतो. खाली परात ठेवायची, बाजूची बारीक नळी असेल तर तिच्यातून आधी पाणी काढायचं, मग फिल्टर सावकाश फिरवायचा. महिन्यातून एकदा पुरे. टॉप लोडमध्ये धाग्यांचा चुरा धरणारी जाळीची पिशवी असते, ती मात्र प्रत्येक धुण्यानंतर रिकामी करायची. फाटली तर नवी स्वस्तात मिळते. सलवारीचे नाडे, ओढण्या, पातळ साड्या जाळीच्या पिशवीत घालूनच टाकाव्यात. नाडा एकदा का खालच्या चकतीत गुंडाळला गेला की तो कापूनच काढावा लागतो.

ड्राय बाल्कनी ही पुण्यातल्या बिल्डरांनी मशीनसाठी ठरवून टाकलेली जागा. तिथे पावसाची झड येते. उंदीरही येतात, आणि बऱ्याच मशीनचा तळ उघडा असतो. जून ते सप्टेंबर कुरतडलेल्या वायरींचीच कामं जास्त. तळाला जाळी बसवून घेणं हा थोड्या पैशांचा आणि मोठ्या उपयोगाचा खर्च. विजेचं मात्र मी कडकपणे बोलतो. फ्रंट लोडचा हीटर साधारण २,००० वॉटचा, म्हणजे एकटाच आठ-नऊ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा पॉइंट हवा. सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावलेलं मशीन म्हणजे वितळण्याची वाट पाहणारी पिन. मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग तपासून होईपर्यंत ते लावू नये. ‘चप्पल घालून लावतो आम्ही’ असं मला घरोघरी सांगितलं गेलंय. अशा घरी मी आधी मशीन सोडून बोर्ड उघडतो.

घर बदलतानाही एक गोष्ट नेमकी विसरली जाते. नवीन फ्रंट लोडच्या पाठीला लांब ट्रान्झिट बोल्ट असतात, प्रवासात टब हलू नये म्हणून. बसवताना ते काढायचे असतात. न काढता चालवलं तर मशीन खोलीभर फिरतं. काढलेले बोल्ट मात्र रद्दीत जातात. मग तीन वर्षांनी सामान टेंपोत चढतं, टब आत मोकळा आपटत हिंजवडीहून हडपसरला जातो आणि टबचे धक्के सोसणारे शॉकर निकामी होतात. बोल्ट एका पिशवीत घालून मशीनच्याच पाठीला टेपने चिकटवून ठेवावेत.

नवीन मशीन घेताना लोक मला विचारतात, कुठली कंपनी घेऊ? मी उलट सांगतो, दुकानदाराला विचारा, टब नटबोल्टचा आहे की सीलबंद. हल्ली कित्येक मशीनचा प्लॅस्टिकचा टब दोन भाग वितळवून कायमचा जोडलेला असतो. त्यातलं काही शे रुपयांचं बेअरिंग गेलं की अख्खा टब-ड्रम बदला असं सांगतात, आणि तो खर्च नव्या मशीनच्या अर्ध्याच्या घरात जातो. आम्ही कारागीर तो टब कडेने कापतो, बेअरिंग बदलतो आणि सिलिकॉन लावून पुन्हा बोल्टने आवळतो. नीट केलं तर पुढे वर्षानुवर्षं गळत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत अजून बहुतेक सुटे भाग मिळतात. दुरुस्त होण्यासारखी वस्तू दुरुस्त न होण्यासारखी बनवणं मला पटत नाही, आणि ते मी ग्राहकासमोर उघड बोलतो. पत्राच खालून सडला असेल, टब आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड दोन्ही एकदम गेले असतील, तेव्हा नवीन घ्या असंही मीच सांगतो. बाकी पंप, बेल्ट, व्हॉल्व्ह, शॉकर, बेअरिंग या वस्तू झिजण्यासाठी आणि बदलण्यासाठीच असतात.

गेली काही वर्षं मी मशीन बसवून झालं की लगेच निघत नाही. ते रोज लावणार असेल त्या माणसाला बोलावतो आणि फिल्टर त्यांच्याच हाताने उघडायला लावतो, माप त्यांच्याच हाताने भरायला लावतो. माझा नंबरही त्यांनाच देतो. यामुळे आता फोन वेगळेच येतात. मागच्या पावसाळ्यात बाणेरहून एका मावशींचा आला. त्या एकाच इमारतीत तीन घरी काम करतात. म्हणाल्या, “दादा, चौथ्या मजल्यावरचं मशीन पिळताना घर्र करायला लागलंय. हाताने फिरवून बघितलं, आत खरखर लागते. ताईंना सांगितलं तर त्या म्हणतात मला काहीच ऐकू येत नाही. तुम्हीच बोला त्यांच्याशी.” मी त्या ताईंशी बोललो आणि दुसऱ्या दिवशी गेलो. सील झिरपायला नुकतंच लागलं होतं, दांड्यावर अजून एक ओरखडा नव्हता. सील आणि दोन्ही बेअरिंग नवी घातली, स्पायडर ब्रशने घासून तोच परत बसवला.